सुगनबाईंच्या ओट्यावरचं ऊन

माझ्या यंत्राला कुणी जुगाड म्हटलं की माझं डोकं फिरतं. जुगाड म्हणजे चपलेचा अंगठा तुटल्यावर सेफ्टीपिन लावणं. मी बत्तीस वर्षं साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून काढली, बॉयलरचा ताप मोजला, प्रेशरचे अडकलेले काटे सोडवले, आणि निवृत्त झाल्यावर अंकुशनगरच्या घरात मागच्या पडवीत बसून जे तयार केलं ते ऊबशोधक आहे. त्याला चार डोळे आहेत. मधे पत्र्याची फुली, फुलीच्या चार कप्प्यांत चार डोळे. आपल्याला न दिसणारं एक ऊन असतं, त्याला इन्फ्रारेड म्हणतात, ते या डोळ्यांना दिसतं. ज्या डोळ्याला ऊब जास्त लागेल त्या बाजूला मोटर डोकं वळवते आणि चारी डोळ्यांना सारखी ऊब लागली की थांबते. म्हणजे ऊब कुठल्या दिशेला आहे ते यंत्र मान वळवून दाखवतं. इतकं सरळ आहे, तरी लोक जुगाड म्हणतात.

माझी बायको नंदाबाई त्याला घुबड म्हणते. ते मी चालवून घेतो.

मुळात ते मी बगॅससाठी केलं होतं. उसाचा रस काढून उरलेला चोथा म्हणजे बगॅस. त्याचे डोंगर रचलेले असतात आणि एखाद्या वेळी आतून धुमसतात, बाहेरून पत्ता लागत नाही. माझं यंत्र ते धुमसणं शोधणार होतं. चीफ इंजिनिअरांना दाखवायला नेलं, तर त्यानं अख्ख्या डोंगराकडे पाठ फिरवली आणि वॉचमनच्या चहाच्या स्टोव्हकडे टक लावून बसलं. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. मी त्या दिवशी जेवलो नाही.

पण बातमीला पाय फुटतात. शहागडचे ट्रकवाले, अंबडचे अडते असं करत करत ती जुन्या जालन्यात पोचली, तोवर "अंकुशनगरच्या एका माणसाकडे सूर्य धरायचं यंत्र आहे" अशी झाली होती. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मूलचंद शेठ माझ्या दारात येऊन उभे राहिले.

मूलचंद शेठ म्हणजे जुन्या जालन्यातले कापडाचे ठोक व्यापारी. वय अठ्ठ्याहत्तर, घराणं मूळ राजस्थानातलं, पण पाच पिढ्या इथंच गेलेल्या. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत, चहा विचारला तर नको म्हणाले. म्हणाले, "भुजंगराव, तुम्हाला सूर्य धरता येतो म्हणून ऐकलं. माझ्या घरी सूर्य येणं बंद होऊन राह्यलंय. बायको उपाशी मरंल."

मी म्हटलं, जरा नीट सांगा. त्यांनी नीट सांगितलं, तरी ते नीट वाटेना.

त्यांची बायको सुगनबाई, वय चौऱ्याहत्तर. जैन घरांत सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सुगनबाईंचा नियम त्याच्या एक पाऊल पुढचा होता. एकतीस वर्षांपूर्वी, चातुर्मास संपत आला असताना, स्थानकात, म्हणजे जैन साध्वी उतरतात तिथं जाऊन साध्वीजींसमोर त्यांनी हात जोडून नियम घेतला: माझ्या घराच्या ओट्यावर ऊन असेल तोवरच अन्न आणि पाणी. ओट्यावरून ऊन उतरलं की तोंड बंद. ढगाळ दिवशी उपास. आपल्याकडे ढग किती येतात ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे निभावलं. समोर एकमजली गोदाम होतं. सकाळी आठला ऊन ओट्यावर यायचं, संध्याकाळपर्यंत हलायचं नाही.

यंदा दिवाळीला शेठजींच्या पुतण्यानं, पारसनं, त्या गोदामाच्या जागी रेडिमेड कपड्यांचं चार मजली शोरूम उभं केलं. ओट्यावर सावली पडली ती पडलीच. शोरूम आणि शेजारची इमारत यांच्यात एक फट होती, तिच्यातून दुपारी बारा दहाला ऊन यायचं आणि बारा पस्तीसला जायचं. सुगनबाईंचा दिवस पंचवीस मिनिटांचा झाला. आणि हिवाळ्यात सूर्य खाली खाली सरकतो, त्यामुळे तीही फट रोज थोडी थोडी मिटत चालली होती.

शेठजींनी गप्प बसून पाहिलं असं नाही. ओट्याची एक शहाबादी फरशी उचकटून त्यांनी हातगाडीवर घातली, चार हमाल लावले, मागच्या रिक्षात सुगनबाईंना बसवलं आणि ती वरात गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेली. फरशी उन्हात ठेवली. सुनेनं, मोनानं, डबा उघडला. सुगनबाईंनी फरशीकडे पाहिलं आणि सांगितलं की फरशी म्हणजे ओटा न्हाई, ओटा घराला चिकटलेला असतो. त्याच रिक्षानं त्या परत आल्या. या गडबडीत फरशी मैदानातच राहिली आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी नेली.

मी नंदाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा. एवढ्या दुरून माणूस आलंय. न्या तुमचं घुबड."

दुसऱ्या दिवशी मी जुन्या जालन्यात गेलो. गल्ली इतकी अरुंद की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते. पोचलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. ओट्यावर पाट मांडलेला, ताट वाढलेलं, आणि सुगनबाई हात जोडून समोरच्या भिंतीकडे बघत बसलेल्या. लहानशी बाई, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. बारा तेराला ऊन आलं, टॉवेलाएवढं. त्या जेवायला लागल्या. घाई नाही, बोलणं नाही. आधी पाण्याचे दोन पेले, मग वरण, मग फुलके. शेठजी हातात घड्याळ घेऊन उभे होते. बारा एकतीसला ऊन ओट्याच्या काठावरून खाली उतरलं आणि सुगनबाईंनी हातातला अर्धा फुलका ताटात ठेवला. उद्या दुपारपर्यंत आता पाणीसुद्धा नाही.

त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जेवून जा. तुम्हाला काही ऊन लागत न्हाई."

गच्चीवर गेल्यावर मी शेठजींना विचारलं की नियम बदलून नाही का घेता येणार. म्हणाले, सगळं करून झालं. साध्वीजी घरी येऊन गेल्या. त्यांनी सांगितलं की अडचण आहे, तर घड्याळ बघून सूर्यास्तापर्यंतचा नियम घ्या, काही दोष नाही. सुगनबाईंनी नाही म्हणून मान हलवली. का, ते सांगितलं नाही.

"का ते मला माहीत हाय," शेठजी म्हणाले आणि पाण्याच्या टाकीच्या आड गेले. मलाही आड बोलावलं.

एकतीस वर्षांपूर्वी दुकान जोरात होतं. संध्याकाळी गिऱ्हाईक सुटेना, घरी यायला उशीर व्हायचा, आणि तोवर सूर्य मावळलेला. बायको वाढायची नाही, स्वतःही जेवायची नाही. मग शेठजींनी युक्ती काढली. कापड मोजायचा लोखंडी गज ते बगलेत घालून घरी यायचे, आणि ओसरीत कुणी नाही असं बघून खालूनच गजानं भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मागं सारायचे. कधी वीस मिनिटं, कधी अर्धा तास. मग दोघं शांतपणे जेवायचे. एकदा घड्याळात पावणेसहा वाजलेले असताना शेजारच्या रेडिओवर सव्वासहाच्या बातम्या लागल्या. सुगनबाईंच्या हातात घास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकात जाऊन ओट्यावरच्या उन्हाचा नियम घेऊन आल्या.

"गजानं ऊन सरकत न्हाई ना," शेठजी म्हणाले. "तिला बराबर कळलं, का नुसता शक आला, ते मला आजपर्यंत माहीत न्हाई. एकतीस वर्षं झाली. तिनं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

मग त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाले की आता काहीही करा, पण ऊन सरकवा. मी म्हटलं, शेठजी, हे तुमचं दुसऱ्यांदा चाललंय. ते म्हणाले, हो.

माझी योजना सोपी होती. त्यांच्याच घरावर लोखंडी खांब उभा करायचा, शोरूमच्या डोक्याच्या वर जाईल इतका, आणि तो जरा गल्लीकडे झुकवायचा. खांबावर ऊबशोधक आणि त्याच्या जोडीला मोठा आरसा. ऊबशोधक सूर्याकडे बघत राहील, आरसा त्याच्या हिशेबानं वळेल आणि ऊन खाली ओट्यावर टाकत राहील. उजेडावर चालणारा डोळा वापरून भागलं नसतं, कारण पारसच्या शोरूमला सगळी काच, उजेड दहा ठिकाणांहून चकाकतो.

पण आधी बाईंची परवानगी हवी होती. त्यांनी मला समोर बसवून तीन प्रश्न विचारले. त्या आरशातल्या उन्हात सूर्य हाय का. मी म्हटलं, आहे. सूर्य गेला की तेबी जाईल का. मी म्हटलं, जाईल. आणि मग नवऱ्याकडे न बघता, "ते कुणाच्या हातात तर न्हाई ना?"

"कुणाच्याच न्हाई, बाई," मी म्हणालो. "यंत्र आपलंआपण ऊब बघतं. उजेड फसवतो, ऊब फसवत न्हाई."

हे वाक्य मी कारखान्यातही बोललो होतो, स्टोव्हच्या आधी. इथं पुन्हा बोललो. माणूस स्वतःच्या वाक्याच्या प्रेमात पडला की असं होतं.

आरसा मिळाला शहागडच्या एका बंद पडलेल्या सलूनमधला, माणसाएवढा. त्यावर ऑइलपेंटनं लिहिलं होतं, "कृपया राजकारणावर बोलू नये." मी पत्तीनं खरवडायला बसलो. "कृपया राजकारणावर" निघालं. "बोलू नये" काही केल्या निघेना. शेवटी म्हटलं असू द्या, ऊन काय वाचतंय थोडंच.

पहिल्या दिवशी मी चूक केली, ती लपवत नाही. सूर्य जेवढा वळेल तेवढाच आरसा वळवला. खरं म्हणजे सूर्य दोन पावलं चालला तर आरशानं एकच पाऊल चालायचं असतं. त्यामुळे ऊन ओट्यावर नीट पडलं आणि मग चालायला लागलं. दाराएवढं ऊन, मधे "बोलू नये" अशी पुसट सावली, गल्लीतून सावकाश पुढं निघालं. दोन महिने सावलीत गारठलेली गल्ली त्याच्या मागं निघाली. मिरचीवाल्या रामकिसननं मिरच्यांचं पोतं उन्हात ओढलं आणि ऊन पुढं गेलं तसं पोतंही पुढं ओढत राहिला. कौसल्याबाई पापडांची खाट घेऊन निघाल्या. निवृत्त तलाठी साहेबराव खुर्ची आणि पेपरासह दर पाच मिनिटांनी उठून पुढं बसायचे. दुपारी दोनपर्यंत मिरच्या, पापड, साहेबराव आणि बघे असं सगळं गल्लीच्या तोंडाशी जमलं आणि रहदारी बंद पडली. सुगनबाई ओट्यावर ताटासमोर बसून होत्या. त्यांचं ऊन त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेलं होतं. त्या उठून ऊन पडलंय तिथं गेल्या नाहीत, कारण तिथं ओटा नव्हता.

मी रात्रीचा मुक्काम शेठजींकडेच केला, निम्म्या दातांचं चाक बसवलं आणि दुसऱ्या दिवशी ऊन ओट्यावर आलं ते तिथंच थांबलं. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. गल्ली श्वास रोखून बघत होती. सुगनबाईंनी नऊ वाजता दूध घेतलं. साडेनऊला पोहे. अकराला म्हणाल्या की पाणी द्या, आणि पाणी पिऊन झाल्यावर रिकाम्या पेल्याकडे बघत बसल्या, आणि मग आणखी एक मागितला. शेठजी आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मोना म्हणाली की बाबूजी कपाटाला डोकं लावून रडून राह्यले.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. बाईंच्या बांगड्या पुन्हा मनगटाशी थांबायला लागल्या. उरलेल्या ओट्यावर गल्लीचे पापड, लोकरी कपडे आणि एक ताप येऊन गेलेलं मांजर अशी वाळवणं सुरू झाली. साहेबरावांनी स्वतःच ऊन समिती स्थापन केली, स्वतःच अध्यक्ष झाले आणि कुणाचे पापड कधी याचं वेळापत्रक खांबाला चिकटवलं. सावलीत "बोलू नये" लिहिलेलं असल्यामुळे भांडणं खालच्या आवाजात व्हायची. मला कुणी जुगाडवाला म्हटलं नाही. एकानं तर शास्त्रज्ञ म्हटलं, मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग पारस आला. त्याचं म्हणणं असं की हे ऊन माझ्या गच्चीवरून येतं, तेव्हा त्यात माझाही हिस्सा आहे. लग्नसराई जवळ आलीय, तर रोज संध्याकाळी दहा मिनिटं ते माझ्या काचेतल्या बाहुल्यांवर टाका. शेठजींना संताप आला, पण सूर्य काय तुझ्या बापाचा आहे का असं काही म्हणता येईना, कारण पारसचा बाप म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. ते नुसतं नाही म्हणाले. पारसही फार ताणणारा नाही. त्यानं आपल्या गच्चीच्या कठड्यावर शोरूमचा मोठा बोर्ड लावला आणि तो उजळायला चार हॅलोजन बसवून घेतले, हजार हजार वॅटचे. यात त्याचं काही वाईट मनात नव्हतं. मीसुद्धा त्या हॅलोजनकडे बघितलं आणि बोर्ड झकास दिसेल एवढंच मनात आलं. बत्तीस वर्षं ताप मोजलेला माणूस मी.

पौषातली संध्याकाळ होती. मोटरीला तेल द्यायला मी आलो होतो आणि ओट्याच्या कडेला शेठजींबरोबर उभा होतो. सुगनबाई संध्याकाळचं जेवायला बसल्या होत्या. रोज पावणेसहाच्या आसपास ऊन फिकट व्हायचं आणि निघून जायचं, तोवर त्यांचं आटोपलेलं असायचं. त्या दिवशी ऊन फिकट झालं, आणि तेवढ्यात वर खांबावर मोटर घर्र करून फिरली. ओटा पुन्हा उजळला. आधीपेक्षा जास्त, पिवळाधमक.

मी वर पाहिलं. माझ्या यंत्रानं मावळतीकडे पाठ फिरवली होती आणि ते त्या संध्याकाळी पहिल्यांदाच लागलेल्या पारसच्या हॅलोजनकडे टक लावून बसलं होतं.

सुगनबाईंना काही कळलं नाही. त्या ताटाकडे बघत होत्या. मोनानं मेथीची भाजी केली होती. त्यांनी ती दुसऱ्यांदा मागितली आणि म्हणाल्या की अजून एक फुलका आण, आज भूक हाय. दिवाळीपासून हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मोना हसत आत पळाली.

शेठजींनी खिशातलं घड्याळ काढलं. मग वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला बोलायला हवं होतं. तीन प्रश्नांची तीन उत्तरं मी दिली होती आणि तिन्ही आता ओट्यावर खोटी पडत होती. पण मी म्हटलं, जेवते आहे तर जेवू द्या, चार घासांचा प्रश्न आहे, आणि यंत्राची अब्रूही राहील. मी असा विचार केला, हे लिहून ठेवतो. बाईंसमोर फरशीवर "बोलू नये" पडलेलंच होतं.

गरम फुलका आला. सुगनबाईंनी एक तुकडा तोडला.

शेठजी ओट्यावर चढले आणि निघालेल्या फरशीच्या खड्ड्याशेजारी, बायकोसमोर, खाली बसले. मला त्या घरात येऊन महिना झाला होता, आणि या दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. बाईंना नवऱ्याशी काही बोलायचं असलं तर त्या सुनेला नाहीतर मला सांगायच्या. शेठजी म्हणाले, "सुगन, हात थांबव. हे ऊन न्हाई. पारसचा दिवा हाय. सूर्य मघाच गेला."

त्यांचा हात तोंडाशी थांबला.

"आणि ते घड्याळ," शेठजी म्हणाले, "ते मीच मागं सारत व्हतो. गजानं."

गल्लीत पापड काढायला आलेल्या कौसल्याबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. सुगनबाईंनी तुकडा ताटात ठेवला आणि हात धुतले. मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, यांना विचारा, सूर्य गेल्यावर मी किती घास खाल्ले."

"सात," शेठजी म्हणाले. "मी मोजून राह्यल्तो."

"आणि घड्याळ किती दिवस मागं सारलं ते विचारा."

शेठजी म्हणाले की लई दिवस, हिशेब न्हाई ठेवला.

"बावीस," सुगनबाई म्हणाल्या. या वेळी त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "पहिल्याच दिवशी कळल्तं. तुम्ही दिवसभर उपाशी असायचे. म्हणून बावीस दिवस मीबी जेवले. मंग रेडिओ लागला. शेजाऱ्यांनीबी ऐकला, पोरांनीबी ऐकला. मंग मला कळलं न्हाई असं कसं म्हणणार व्हते?"

मी खांबाची वायर काढली, तसा आरसा स्वतःच्या वजनानं खाली झुकला. ओटा अंधारला आणि मग कळलं की बाहेर चांगलंच सांजावलं आहे.

सात घासांचं प्रायश्चित्त म्हणून सुगनबाईंनी दुसऱ्या दिवशी उपास केला. शेठजींनीही केला, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या स्थानकात गेल्या, जुना नियम साध्वीजींसमोर उतरवून ठेवला आणि नवा घेतला. ओट्याचा नाही, उन्हाचा नाही, घड्याळाचाही नाही. 'हे', म्हणजे शेठजी, सूर्य गेला म्हणतील तेव्हा माझं तोंड बंद, असा. साध्वीजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली म्हणे.

गल्लीनं डोक्याला हात लावला. साहेबराव म्हणाले, ही तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यातली गत झाली. नंदाबाईही तेच म्हणाली. मी म्हटलं, तू त्या ओट्यावर नव्हतीस.

माझं यंत्र अजून खांबावर आहे. ऊन समितीनं ते चालवायला घेतलं आहे, पापड उत्तम वाळतात, आणि संध्याकाळी हॅलोजन लागले की साहेबराव स्वतः वायर काढतात. लोक पुन्हा जुगाड म्हणायला लागले आहेत. पूर्वीइतका राग येत नाही.

सुगनबाई आता सकाळपासून हव्या तेव्हा जेवतात, पाणी पितात. संध्याकाळी मात्र पाच वाजले की शेठजी काठी टेकत गच्चीवर चढतात आणि मावळतीकडे तोंड करून उभे राहतात. खाली दोन ताटं वाढलेली असतात. सूर्य अजून चांगला हातभर वर असतानाच ते वरून सांगतात, "गेला." सुगनबाई हातातला घास ठेवून हात धुतात. शेठजी खाली येतात तोवर त्यांचंही ताट उचललेलं असतं. पहिल्या आठवड्यात ते पाच मिनिटं आधी सांगायचे, मग दहा मिनिटं, आता तर पाऊण तासावर गेले आहेत.

परवा मी त्यांच्याबरोबर गच्चीवर होतो. ऊन अजून पिंडऱ्यांना चटका देत होतं. मी म्हटलं, शेठजी, पंचांगात अजून चाळीस मिनिटं आहेत, तुम्हीही जेवून घ्या आणि बाईंनाही जेवू द्या. ते सूर्याकडे बघत राहिले.

"तिनं एकदा विचारलं असतं ना भुजंगराव, खरंच गेला का म्हणून, तर मी पंचांग दाखवलं असतं," ते म्हणाले. "ती विचारतच न्हाई."

मग त्यांनी कठड्यावरून खाली वाकून "गेला" म्हणून सांगितलं, आणि खाली पाण्याचा आवाज आला. त्या हात धूत होत्या.